डावीकडचा रस्ता

रोहा, रविवार संध्याकाळ

एकाहत्तरच्या लढाईत बाबा लष्कराचा ट्रक चालवत. नदीपलीकडच्या एका गावातून जखमींना आणायला जाताना एका फाट्यावर त्यांनी गाडी उजवीकडे घातली. पोचायला पहाट झाली, तोवर दोघं गेले होते. डावा रस्ता जवळचा होता, असं नंतर कुणीतरी म्हणालं. तेवढं बाबांच्या मनात राहिलं ते कायमचं. मी तरी कधी नीट विचारलं?

आज पेणहून नानाकाका आले. एसटीतून निवृत्त झाल्यापासून ते जुने रस्त्यांचे नकाशे जमवतात. दुखरे गुडघे घेऊन आले, केवळ त्या भागाचा तेव्हाचा नकाशा दाखवायला. गावाचं नाव बाबांना पाठ, त्यामुळे फाटा लगेच सापडला.

"भाऊ, डावा रस्ता बघा. नदीवर जाऊन संपतो. पूल नाय, फेरीबोट नाय. फेरीबोट उजवीकडंच हाय."

"व्हय?"

बाबांनी डाव्या रस्त्यावरून तीनदा बोट फिरवलं. तिन्ही वेळा ते नदीशी थांबलं.

काकांना स्टँडवर सोडताना मला धड आभारही मानता आले नाहीत. परत आले तर बाबा नकाशावर वाकलेले.

"चष्मा दे गो," म्हणाले, "पलीकडं कुठं उतरलो ते तुला दाखवतो."