भुताचे पाय

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

फोन सोडून कागद घेतला, कारण फोनवर आपण दोघी नुसता श्वास घेत बसतो. कोणी चोरून ऐकलं तर भयपट चालू आहे असं वाटेल. पत्रात निदान वाक्यं तरी पुरी करावी लागतात.

इथलं ठीक. आमच्या लिफ्ट कंपनीत तक्रारींच्या फोनवर अजून मीच आहे. लोक मधल्या मजल्यावर अडकतात, मला फोन करतात, मी सांगते घाबरू नका, माणूस निघालाय. काल एका गृहस्थांनी आतून विचारलं की बाई, तुम्हाला कधी भीती वाटते का. मी म्हटलं, ते माझ्या पगारात बसत नाही.

तुझ्या कवळ्यांच्या कारखान्याच्या मालकांचा फोन आला होता. रजा कधीच संपली, वहिनी येणार कधी, इथे गिऱ्हाइकं बोळक्या तोंडाने वाट बघतायत, म्हणाले. आणि तुझी शेजारीण सांगते की तू दिवसभर ती भुताची मालिका बघत असतेस. संपली की पुन्हा पहिल्यापासून. अगं, बघायचंच तर सिनेमा बघ! सिनेमा अंधारात बसवतो, दोन तास घाम काढतो आणि घरी पाठवतो. मालिकेतलं भूत म्हणजे कायम झालेला कर्मचारी. पहिल्या भागात हजेरी लावतं, मग जागेवर सापडत नाही, आणि प्रेक्षक ओरडायला लागले की त्याला बालपण देतात. एकदा भुताला लहानपणी कोणी छळलं होतं हे कळलं की मला भीती कसली वाटणार, त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटतो.

आता एक थट्टा सोडून. दादा गेला, हे तू अजून एकदाही स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं नाहीस. बँकेत मी सांगितलं, वीजवाल्यांना मी, पेपरवाल्यालाही मीच. तू शेजारी उभी राहून मान हलवलीस, तीही दुसऱ्या कोणाचा तरी नवरा गेल्यासारखी. तुझ्या रस्त्याच्या टोकाला वाचनालय आहे ना, त्याच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी भयपटवाल्यांचं मंडळ जमतं म्हणे. सिनेमा मोठा की मालिका, यावर तावातावाने भांडतात. जा तिथे. भांड. पण कोणाशी तरी बोल.

लोभ आहेच, मालिकेवरचा थोडा इकडे वळवलास तर बरं होईल.

तुझी,
नणंद


११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी बरी आहे. म्हणजे काही होत नाही. भूक लागत नाही पण जेवते, झोप येते पण कळत नाही कधी आली. डोळ्यांना पाणी येतं ते कांदा चिरताना, आणि तेही कांद्यापुरतंच.

तुमच्या सिनेमाबद्दल बोलायचं तर तो भिववत नाही, दचकवतो. कानाजवळ फुगा फोडला तरी माणूस दचकतं, त्याला काही कला लागत नाही. सिनेमात जी माणसं मरतात त्यांची नावंही धड कळलेली नसतात. मालिकेत त्यांच्या सपाता कुठे असतात ते आपल्याला ठाऊक होतं, जिन्याची कुठली पायरी वाजते ते कळतं, आणि मग एका भागात सपाता तिथेच असतात आणि माणूस नसतं. वन्सं, ह्याला वेळ लागतो. दोन तासांत नाही होत.

शिवाय तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नाही. तुमचा दादा सिनेमावाल्यांसाठी आवाज काढतो इतकंच तुम्हाला माहीत. दार, पाऊस, हाड मोडणं. त्यासाठी तो घरातल्या काकड्या न्यायचा, त्यावरून आमची भांडणं व्हायची. पण ह्या मालिकेत वरच्या मजल्यावर जी बुडून मेलेली घरमालकीण ओल्या पायांनी चालते, तिचे पाय त्याचे आहेत. एवढ्या पोटाचा माणूस, पाय बादलीत बुडवून लाकडी फळीवर अनवाणी चालायचा, पडद्यावरच्या सावलीकडे बघत. मी एकदा स्टुडिओत जाऊन पाहिलं होतं. हसून हसून मला बाहेर काढावं लागलं होतं.

तेव्हा मी मालिका बघते असं म्हणू नका. मी पाठ करून स्वयंपाकघरात असते आणि तो वर चालत असतो. फक्त पहिली दोन पर्वं लावते. तिसरं हल्लीच सुरू झालंय, ते मला नको.

मंडळाचं बघते.

लोभ आहे तसा असू द्या, वाढवाल तर ठेवायला जागा नाही.

तुमची,
वहिनी


१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं ते चुकलंच. एक बाई सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या होत्या आणि मी त्यांना काहीच सांगू शकले नाही. शेवटी त्याच मला म्हणाल्या, घाबरू नका.

घरी येऊन मालिका लावली. जुनी पर्वं शोधायचा धीर नव्हता, टीव्हीवर जे चालू होतं तेच, तिसरं. कथा म्हणशील तर अगदीच पाणचट. नवा भाडेकरू इतका बावळट आहे की भुताने त्याला धरावं ही माझीच इच्छा होती. आणि मग वर पावलं वाजली. वहिनी, मी ओळखली! लहानपणी दादा भिंतीवरून पडला होता, तेव्हापासून त्याची डावी टाच जरा उशिरा टेकते. आई म्हणायची, ह्याचा एक पाय घरी आणि एक वाटेवर. तीच टाच. अगदी तीच. मी सोफ्याची उशी तोंडावर धरून इतकी रडले की खालचे लोक वर आले. त्यांना म्हटलं, मालिका फार भीतीदायक आहे. आता तेही बघणार आहेत.

तरी मत बदललेलं नाही. सिनेमा तो सिनेमा. संपतो, हाच त्याचा मोठेपणा.

लोभ करावा, आणि जमलं तर जरा रडावंही.

तुझी,
नणंद


२ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

गेले मंडळात. आता मी सांगते ते शांतपणे वाचा, आणि शक्यतो घरी वाचा.

वरच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या, एक करकरणारा पंखा आणि जेमतेम दहा माणसं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त गुरांचे डॉक्टर. ते तुमच्या पक्षाचे. म्हणाले, मी आयुष्यभर जनावरांची भीती पाहिली, ती क्षणाची असते, आणि शुद्ध असते. मालिका म्हणजे भीतीचं दुधात पाणी. समोर केस कापणारी एक बाई, मालिकांची बाजू घेऊन. तिने डॉक्टरांना सुनावलं की तुमच्या सिनेमात पोरगी एकटी तळघरात जाते ती जातेच, इतक्या वर्षांत एकीलाही अक्कल आली नाही. डॉक्टर म्हणाले, तळघरात गेलीच नाही तर मी तिकीट कशाला काढू. त्यावर ती म्हणाली, म्हणजे भीती तुम्हाला नकोच आहे, तुम्हाला पोरगी हवी आहे. मग बराच गोंधळ झाला. तुम्ही तिथे शोभला असतात.

मग आपल्या मालिकेचा विषय निघाला. डॉक्टर म्हणाले, त्यात एकच गोष्ट सिनेमाच्या तोडीची आहे, ती म्हणजे वरच्या मजल्यावरची पावलं. सगळ्यांचं एकमत झालं. ते पाय कोणाचे असतील यावर तर्क सुरू झाले. कोणी म्हणालं एखादी नर्तकी असेल. आणि मी म्हणाले, ते माझ्या नवऱ्याचे पाय आहेत.

वन्सं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढच्या खुर्चीत बसवलं. बादली, फळी, काकड्या, सगळं विचारलं आणि मी सांगत गेले. तो असं करतो, तो तसं करतो. करायचा असं एकदाही तोंडातून निघालं नाही. केस कापणारी म्हणाली, पुढच्या बैठकीला त्यांना आणा ना. मी म्हणाले, विचारते.

परवा वाचनालयावरून गेले तर जिन्यात कागद लावलाय. ‘मार्चच्या दुसऱ्या रविवारी, खास भेट : भुताचे पाय.’ खाली कोणीतरी पेनाने लिहिलंय, ‘उलटे की सुलटे?’

मला हसू यायला हवं होतं किंवा लाज वाटायला हवी होती. मी थोडा वेळ थांबून पाहिलं. मग भाजी घेऊन घरी आले.

काय करू ते कळवा. लोभ आहे हे गृहीत धरून विचारते.

तुमची,
वहिनी


६ मार्च

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

काय करू म्हणून काय विचारतेस? जाऊन सांग. आज तो आजारी आहे म्हणशील, उद्या गावाला गेलाय म्हणशील, ते बिचारे पुढचा रविवार देतील, मग त्याच्या पुढचा. तुझी मालिकाच होईल वहिनी, आणि दादा त्यात कायमचा येणार येणार म्हणून लटकत राहील.

मी रजा टाकून येऊ शकते. पेटी उघडून तिकिटाचे पैसेही बाजूला काढले होते, मग परत ठेवले. मी आले तर मीच सांगेन, तू मान हलवशील. बँक झाली, वीज झाली, पेपर झाला. हे एक मी सांगणार नाही. ह्या वेळी तुझं तूच.

रागावलीस तर कळव, मला बरंच वाटेल.

लोभ आहे. तो काही कुठे जात नाही.

तुझी,
नणंद


१५ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

सांगितलं.

खोली भरली होती. एक खुर्ची मधोमध रिकामी ठेवली होती आणि तिच्यापुढे प्लास्टिकच्या टबात पाणी. डॉक्टरांनी घरून फळी आणली होती. मी जिना चढून गेले तर सगळे माझ्या मागे बघत होते, अजून कोण वर येतंय म्हणून. मी म्हणाले, तो येणार नाही. तो गेला. गेल्या पावसाळ्यात.

शब्द तोंडातून बाहेर पडला की काहीतरी होईल असं तुमच्यासारखं मलाही वाटलं होतं. काही झालं नाही. पंखा करकरत होता. एकाने टब उचलून कोपऱ्यात नेला, आणि तो हळू ठेवला.

मग केस कापणारी माझ्याजवळ आली. तिने विचारलं, मग तिसऱ्या पर्वात कोण चालतंय? मी सांगितलं की कोणीतरी दुसरा. तिसऱ्याचे आवाज सुरू व्हायच्या आधीच हा गेला. नव्याला त्यांनी ह्याची रेकॉर्डिंगं ऐकवून तयार केलंय, टाचेसकट. पण तो अंगठ्यावर भार देतो, आमचा देत नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. डॉक्टर साधे आहेत, ते म्हणाले, बाई, खरं सांगू का, तिसऱ्या पर्वात चाल सुधारली असं आम्ही मागेच ठरवलं होतं. मला राग यायला हवा होता. त्याचीही वाट पाहिली, तोही आला नाही. मग त्यांच्यात हळू आवाजात वाद सुरू झाला की पाय बदलले तर भूत तेच राहतं का. मी त्यांना चहाचे पेले विसळून दिले आणि निघाले. डॉक्टर खालपर्यंत सोडायला आले. जिन्यात माझ्या पुढे चालले, आजारी जनावराला नेतात तसे.

कारखान्यात सोमवारपासून येते म्हणून कळवलंय.

आता तुमचं. हे लिहू की नको, म्हणून पत्र तसंच पडलं होतं. वन्सं, तुम्ही रडलात ते तिसऱ्या पर्वावर. तो तुमचा दादा नव्हता. कोणीतरी परका पोटासाठी बादलीत पाय बुडवून चालत होता, आणि तुम्ही उशी तोंडावर धरून त्याच्यासाठी रडलात. तेव्हाच सांगणार होते. पण तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिले, कारण मला त्याचा हेवा वाटला. माझ्याकडे खरे पाय आहेत, दोन पर्वं भरून, कुठल्या भागात कुठल्या मिनिटाला ते झोपेतही सांगेन. आणि मी भाजी चिरत बसते.

म्हणून तुम्ही या. पत्र नको, फोन नको, या. सिनेमा की मालिका हे नंतर बघू. मी पहिलं पर्व लावते, तुम्ही सोफ्यावर बसा आणि त्याची पावलं वाजली की रडा. मी शेजारी बसून बघते, कसं करतात ते.

लोभ असेलच, तो येताना बरोबर आणा.

तुमची,
वहिनी