देवघरातला बल्ब आणि संपदाचे लग्न

चामराजपेट, बेंगळुरू
बुधवार

तीर्थस्वरूप उमाकांत दाजी यांना खंडोजीचा वाकून नमस्कार. (वाकून एवढ्यासाठी, की कालपासून कंबर सरळच होत नाही, कारण पुढे येईल.) तुमची शुगर, अक्काचे गुडघे आणि बेळगावची थंडी, तिन्ही आटोक्यात असतील असे धरून चालतो.

इकडे आमच्या संपदाचे लग्न एका बल्बमुळे अडले आहे. मुलगा नागराज, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला कंपनीत आहे, घरी कन्नड बोलतात, स्वभावाने गरीब. लेकीला पसंत, आम्हालाही पसंत. पण कृष्णाआत्याने खंडोबाचा कौल घेतल्याशिवाय आपल्याकडे लग्न ठरत नाही, हे तुम्ही जाणताच. देवघरातला तो निऑनचा बल्ब आठवतो ना, ज्याच्या आत ज्योत थरथरते? दार बंद करायचे, मिट्ट अंधार करायचा, देवाला प्रश्न विचारायचा आणि बटण दाबायचे. ज्योत नाचली की देव हो म्हणाला. (इतरांच्या देवाला कौलासाठी फुले पुरतात, आपल्याला दोनशे तीस व्होल्ट लागतात.) संपदासाठी आत्याने तीन रविवार बटण दाबले आणि तिन्ही वेळा ठार काळोख. पोरगी चार दिवस धड जेवली नाही हो. मला बघवेना.

देवाच्या निर्णयात ढवळाढवळ करू नये, पण देवाचे वायरिंग तपासायला काय हरकत आहे, असा विचार करून मी पक्कड घेतली. दार उघडे ठेवून बटण दाबले, तर ज्योत मजेत नाचते आहे! आत्याला हाक मारली. तिने दार लोटून पुन्हा विचारले, तर पुन्हा काळोख. मग होल्डर घासला, वायर बदलली, नवे बटण बसवले. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यातच शॉक बसून मी मागच्या पाटावर आदळलो (कंबर ती हीच). शेवटी परसू इलेक्ट्रिशियनला आणले. त्याने नीट दिसावे म्हणून बॅटरीचा झोत मारला आणि बल्ब लगेच पेटला. "बल्ब सरी आहे अण्णा, तुम्हीच स्वल्प विश्रांती घ्या," असा सल्ला देऊन तो गेला. (सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक.)

मर्म काढले ते नागराजने. असले बल्ब म्हातारे झाले की पूर्ण अंधारात पेटायला कुरकुरतात. बाहेरून थोडा उजेड पडला की मग जागे होतात. तरुणपणी हाच बल्ब कशालाही हो म्हणायचा. (तुमच्या वेळी तो अगदी नवा होता, दाजी. मी काही सुचवत नाही.)

आता हे आत्याला सांगावे कसे? तिने ज्या भरवशावर घरातली सगळी लग्ने लावली, तो भरवसा मी या वयात तिच्याकडून काढून घेऊ? जीभ रेटत नाही. हे पत्र अक्काला वाचून दाखवू नये.

तुमचा मेहुणा,
खंडोजी

ता. क. : खरे काम राहिलेच. रविवारी या. कौलाच्या वेळी आत्या फक्त जावयाला देवघरात उभे राहू देते. तिचा प्रश्न विचारून झाला की मागून मोबाईलचा टॉर्च जरा बल्बवर धरायचा. खंडोबा समजून घेईल.

आणखी ता. क. : टॉर्चचे राहू द्या. पाकीट चिकटवायच्या आधीच आत्याने पत्र वाचले. बल्बची खोड तिला दिवाळीपासूनच ठाऊक आहे. रोज दार उघडे ठेवून पेटवते, संपदाच्या कौलाला तेवढे मुद्दाम बंद करून घेत होती. "ही पण गेली की संध्याकाळी माझ्याशी भांडणार कोण रे, खंड्या?" म्हणाली. तेव्हा संपदाने सांगितले, की नागराज इथेच मागच्या गल्लीत घर बघतो आहे, नोकरीला रोज बेळ्ळंदूरला जाईल. आत्याने विचारले, "इथून? त्या ट्रॅफिकमधून? रोज?" मग डोळे पुसून म्हणाली, "अशा माणसाबद्दल देवाला काय विचारायचं? तारीख काढा."