धवलारणीचा पाट

जासई,
२ मे १९८६

चि. सौ. सगुणा हिला आक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आमचा नामदेव नव्या बंदराच्या कामावर लागला, हेल्मेट घालूनच जेवायला बसतो. तुझ्या भावोजींची कुरकुर नेहमीची, तिच्यावर औषध नाही. आंब्याचं लोणचं घातलंय, तुझी बरणी वेगळी काढून ठेवली आहे.

माझ्या तब्येतीचं विचारलं होतंस. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या डॉक्टरांनी माझं पोट आतून शिवून लहान केलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "आक्के, देवानं दिलेला पोट कोन शिवून घेतं गो?" मी घेतलं! अख्ख्या तालुक्यात तसली बाई मी एकटी. बायका बघायला यायच्या आणि मी मिरवायचे. अजूनही मला त्याची लाज नाही.

पण प्रत्येक पत्रात 'तब्येत छान' लिहीत आले, ते खरं नव्हतं. उतरलेलं सगळं वजन परत चढलंय. चोळ्या उसवून झाल्या, आता उसवायलाही कापड उरलं नाही.

आपल्यात धवले गाऊन लग्न लावणारी धवलारीण मांडवातून उपाशी उठली तर लग्नाला दोष लागतो, हे तुला सांगायला नको. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला पातळच घ्या. ते मी दोन वर्षं धरून बसले. गावोगावच्या यजमानणींनाही ते ठाऊक झालं. जिथे गायला जावं तिथे नारळाच्या रसातली गुळाची खीर तयार. "पातलच हाय गो आक्के, पी!" एकीने केली की दुसरी त्याहून गोड करायची. एवढा मान आईलासुद्धा मिळाला नव्हता.

परवा पुन्हा दाखवायला गेले, तर डॉक्टरांनी विचारलं, "बाई, खाता काय?"

मी ताठ मानेने म्हटलं, "घासाला हात लावत नाय. सगला पिते."

त्यांनी कपाळावर हात मारला. पातळ गोड सरळ खाली उतरतं म्हणे, पोट कितीही लहान असो. शिवणही सैल झालीय. म्हटलं, पुन्हा शिवा. ते तयार आहेत, पण याच महिन्यात, नंतर ते परदेशी जाणार. आणि अट अशी, की वर्षभर मांडवात पाऊल टाकायचं नाही.

नुसत्या वजनासाठी मी पुन्हा गेलेच नसते, सगुणा. गेल्या पंधरवड्यात शेवंताबाईच्या मुलाची हळद होती. देवांना आवतण देता देता माझा श्वास संपला. देव अर्ध्या वाटेत आणि मी गप्प. बायकांनी ओळ उचलून धरली, कुणाला कळलं नाही. मला कळलं. चढावर दम लागला असता तर सोसला असता, पण गळ्याने दगा दिला तो सोसवेना. घरी येऊन रडले.

अक्षय तृतीयेनंतर हिरामणच्या पोरीचं लग्न आहे. आईने धवला दोघींना शिकवला, धवलारणीच्या पाटावर मात्र मीच बसत आले. या लग्नाला तू बस. मी हिरामणला सांगून टाकलंय, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही. वर्षभराची सगळी लग्नं तुझी. खीर देतील, ती पोटभर पी.

वर्षाने मी येईन आणि पाट परत मागेन. द्यायचा नसला तर माझ्याहून सरस गाऊन दाखव. तसं झालं, तर खाली बायकांत बसून तुझ्यामागून ओळ म्हणेन, आणि शेजारणीला कोपराने ढोसून सांगेन, ही माझी धाकटी.

आवाज सांभाळ.

या वर्षापुरती नुसती तुझी आक्का,
जाईबाई