तीन ठिपके

चाकण, रविवार

तीर्थरूप आप्पा,

पाया पडते. मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुनी रेसिंग कार आलीय. एकाच माणसाची, चारही चाकं उघडी. शेठ म्हणतात, सगळी विलायती. पण नाकाचा पत्रा उतरवला, तर आतून तीन ठिपके, तुम्ही आपल्या हंड्याच्या बुडाशी ठोकलेत तसेच. पुण्याच्या गॅरेजात असताना हा पत्रा तुम्हीच घडवला होतात ना?

शेठ म्हणाले, "घासून टाक. विलायती गाडीत शोभत नाही."

"माझ्या वडिलांची खूण आहे. घासणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

तरी उद्या मी वर्कशॉपमध्ये जाणार आहे. शेपटीचा पत्रा फाटला होता, तो मी नवा घडवलाय. त्यावरही तीन ठिपके ठोकणार, बाहेरून.

आईला नोकरीचं सांगू नका. ठिपक्यांचं सांगा.

तुमची,
वर्षाली