माझ्याहून थोरली माझी फुफ्फुसं

नाशिक, १९ मे

तीर्थस्वरूप दाजींना नवनाथचा साष्टांग नमस्कार. (नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही, बसण्याआधी खरोखर घालून पाहिला. उठताना धाप लागली, आणि त्या धापेचंच हे पत्र आहे.) आपली, अक्काची आणि दारातल्या शेवग्याची तब्येत ठीक असेल. खोकल्याचं विचारत नाही. विचारलं की आपण 'तो धुळीचा आहे' म्हणता, जसा काही खोकला धुळीच्या मालकीचा आणि आपण फक्त सांभाळायला ठेवून घेतलाय.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला 'ठेवतो रे, गिऱ्हाईक आलं' म्हणता. माझे कान आपल्याला ठाऊक आहेत. फळीवर टिचकी मारून सागवान की शिवण, हे मी डोळे मिटून सांगतो; करवतीचं पातं बोथट झालेलं मला रस्त्यापलीकडून कळतं. तर गेल्या गुरुवारी आपलं 'काय म्हणतोस नवनाथ' हे वाक्य दोन तुकड्यांत आलं. आधी 'काय म्हणतोस' आलं, मग एक श्वास शिट्टी वाजवत आला, आणि मग मागून 'नवनाथ' आला. सिन्नरला त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं, दाजी, दम संपला होता. पण धाकट्या मेहुण्यानं दाजींना 'डॉक्टरकडे चला' म्हणायचं, ही आपल्यात रीत नाही. म्हणून आपल्याविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र सगळं माझ्याविषयी आहे, आणि मी सध्या भलताच खुशीत आहे.

झालं असं, की आमच्या द्वारकेकडच्या सुतार मंडळानं फुफ्फुसं तपासायचं शिबिर ठेवलं. आम्ही बारा जण गेलो. एक मशीन, त्याला एक नळी, आणि नळी धरायला पायल नावाची मुलगी. काम एवढंच, की छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा नळीत फुंकायचा. आम्ही हसलो. फुंकायला सुताराला शिकवतेस काय पोरी? जन्मभर दुसरं काय केलंय? आणि तिथंच सगळे नापास झालो. कारण सुताराची फुंकर कशी असते, आपणच मला शिकवलीत: डोळे मिटायचे, मान तिरकी करायची, आणि रेघेवरचा भुसा उडेल इतपतच, फू. मशीनला ती फुंकर वाटेच ना. ते नुसतं टूं टूं करून नापसंती दाखवायचं. आमचा नियाज (माझ्याकडचा कारागीर, फ्रेंच पॉलिशमध्ये त्याचा हात कुणी धरणार नाही) तर फू करून लगेच टेबलावर तळहात फिरवायचा, गुळगुळीत झालं का बघायला. शेवटी पायल प्रत्येकाच्या कानाशी 'अजून, अजून, सोडू नका, अजून' असं ओरडायला लागली. बाहेरच्या चहावाल्याला वाटलं, आत कुणी बाळंत होतंय. तो गरम पाणी घेऊन आला.

मग डॉक्टर आफिया मॅडमनी एकेकाला कागद दिला. त्या कागदावर, दाजी, फुफ्फुसांचं वय लिहून येतं. माझं वय चोपन्न, फुफ्फुसांचं बहात्तर. म्हणजे माझी फुफ्फुसं माझ्याहून अठरा वर्षांनी थोरली निघाली. आजवर मी त्यांना अरे-तुरे करत आलो, आता अहो-जाहो करतो. जिना चढताना विचारतो, 'चढता ना? की थांबायचं जरा?' बहुतेक वेळा त्यांना थांबायचंच असतं.

मॅडमनी विचारलं, बिडी-सिगारेट? मी ताठ बसून सांगितलं, आयुष्यात कधी नाही, आमच्या दाजींची ताकीद होती. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बिडी नाही ओढलीत, पण छत्तीस वर्षं सागवान ओढलंत. आणि आता त्यात एमडीएफ." (एमडीएफच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या तयार फळ्यांच्या, पीठाचे कण लाकडाच्या भुशापेक्षा बारीक असतात. भुशातला जाडसर भाग नाकात अडकतो, पीठ सरळ आत जाऊन बसतं. मला वाटायचं, बारीक म्हणजे निरुपद्रवी.)

सगळ्यांत चांगला कागद कुणाचा आला असेल? नियाजचा. वय एक्केचाळीस, फुफ्फुसं एकोणचाळीस. हा माणूस सहा वर्षं गाळणीचा मास्क लावतो, वर रुमाल बांधतो, आणि आम्ही सगळे त्याला 'नवरी' म्हणायचो. तिसऱ्या दिवशी गोण्या उचलताना मला धाप लागली, तेव्हा माझ्या हातातली गोणी घेत म्हणाला, "सेठ, तुम्ही बसा. नवरी उचलेल."

मला खुशी कशाची, ते आता ऐका. मॅडमनी मला नळीतून एक औषध ओढायला लावलं, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला सांगितलं. बहात्तरचे चौसष्ट झाले! पंधरा मिनिटांत आठ वर्षं! मी तिथल्या तिथं पायलला म्हणालो, अजून चार वेळा दे, लग्नाच्या वयाला येतो. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, जेवढं आवळलंय तेवढं औषधानं सुटतं. जे झिजलंय ते परत येत नाही. म्हणून लवकर आलेल्याला जास्त मिळतं आणि उशिरा आलेल्याला कमी. (हे त्या मला म्हणाल्या, दाजी. मी फक्त जसंच्या तसं लिहितोय.)

मग मी दुकानात सगळ्यांना मास्क आणले, आणि पहिल्या दिवशी स्वतःच तोंडघशी पडलो. सुतार खिळे कुठं ठेवतो? ओठांत. मी सवयीनं चार खिळे ओठांत ठेवायला गेलो, ओठ मास्कच्या आत. दोन खिळे शर्टात, एक बुटात, आणि एक अजून सापडलेला नाही. कानामागची पेन्सिल काढायला गेलो तर मास्कचं इलॅस्टिक सुटलं आणि पेन्सिल सरळ गिऱ्हाइकाच्या चहात. ते गृहस्थ वकील, त्यांनी शांतपणे पेन्सिल काढून विचारलं, मोजमाप झालं का? वर मी मास्कच्या आतूनच रेघेवर फुंकर मारली. भुसा जागच्या जागी आणि माझा चष्मा धुकट. आपण म्हणायचात, 'फुंकल्याशिवाय रेघ दिसत नाही.' आता खिळ्यांना कमरेला पिशवी आहे आणि रेघेला रंगाऱ्याचा ब्रश. रेघ दिसते, दाजी. मी तपासून पाहिली.

करवतीला भुसा ओढणारं मशीनही बसवलंय. त्याच्या आवाजात पात्याचा सूर ऐकू येत नाही, एवढंच एक दुःख. पण परवा संध्याकाळी ते बंद केलं, सगळे हात धूत होते, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. बराच वेळ कळेना. मग ध्यानात आलं, कुणी खोकलं नव्हतं.

बाकी सगळं ठीक. घरच्यांचा नमस्कार, अक्काला माझा. पत्र लांबलं, पण श्वास घ्यायला मध्ये थांबावं लागलं नाही, हे पत्राचं बरं असतं.

आपला,
नवनाथ

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. धोंड्याचा महिना लागलाय. आई-अण्णांच्या मागे जावयाचं वाण आता माझ्याकडे. रविवारी, ३१ तारखेला आपण दोघं जेवायला या. तेहतीस अनारसे, चांगले जाळीदार. ताटात धोतरजोडी आणि तिच्यावर एक गाळणीचा मास्क असेल. धोंड्याचं वाण जावयानं नाकारायचं नसतं, हे मला आपणच शिकवलंत.

ता. क. दुसरं. दुपारच्या जेवणाला सकाळी नऊलाच या. भरल्या पोटी फुंकता येत नाही, आणि दहा वाजता शिबिराच्या दुसऱ्या फेरीत आपलं नाव पहिलं आहे. नियाज गाडी घेऊन सिन्नरला येईल. 'धाकट्या मेहुण्यानं सांगितलं' असं वाटून घेऊ नका. नियाज आपला कुणी मेहुणा लागत नाही, त्याचं ऐका.

ता. क. तिसरं आणि खरं. हे पत्र अक्काला दाखवू नका असं लिहिणार होतो, पण ते तिनंच लिहायला लावलंय. इथपर्यंतचं पत्र फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाली, हसवलंस फार, आता त्यांना खरं लिही. म्हणून लिहितो. चार महिने झाले, आपण भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपता, आणि तिला सांगता, उकाडा आहे. दाजी, उकाडा आम्हालाही आहे. आम्ही आडवे होऊन झोपतो.