‘रन’च्या चिठ्ठ्या

सौंसर, २ ऑक्टोबर १९८३

चि. विजयास,
ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सारे बरे आहोत. संत्र्याची तोडणी जवळ आल्यामुळे तुझे भाऊजी दिवसभर बागेतच असतात.

बापूजींचे पाकीट मिळाले. निवृत्त झाल्यापासून ते त्या एकाच इंग्रजी शब्दामागे लागले आहेत, ‘रन’. रोज एक अर्थ, त्याची एक चिठ्ठी, आणि आठवड्याच्या सात चिठ्ठ्या वहीत उतरवायला माझ्याकडे. तुझे अक्षर त्यांच्यासारखेच गिचमिड, म्हणून त्यांचे लिहिलेले उतरवणे लहानपणापासून माझ्या गळ्यात! माणूस धावतो तो रन, नळ वाहतो तो रन, दुकान चालवणे रन, निवडणुकीला उभे राहणे तेही रन. जुन्या इंग्रजीत धावणे आणि वाहणे एकाच शब्दात होते, हे सांगताना त्यांनी चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या.

पण या वेळी सातपैकी चार चिठ्ठ्यांवर एकच अर्थ आहे: धुताना लुगड्याचा रंग सुटतो तो. उदाहरणसुद्धा तेच. पहिल्यांदा मी हसले, मग चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. तेरा नोव्हेंबरला जुने विद्यार्थी त्यांचा सत्कार करणार, आणि ते हाती कागद न घेता तासभर याच शब्दावर बोलणार. बापूजी बरे आहेत ना? खरे काय ते लिही.

तुझी वाट पाहणारी,
चंद्रकलाताई


पांढुर्णा, ९ ऑक्टोबर १९८३

ती. सौ. ताईस,
विजयाचा शि. सा. न. वि. वि. पत्र तीनदा लिहून फाडले.

होळीपासून बापूजी विसरून राहिले. भाजीला म्हणून जातात आणि शाळेच्या फाटकाशी उभे सापडतात. मागच्या महिन्यात घंटा ऐकून कोट चढवून निघाले होते. स्वयंपाकाच्या देवकाबाईने चूल सोडून धावत जाऊन परत आणले, आणि वर त्यांनाच दटावले की गुरुजी, आज इतवार हाय. होता मंगळवार.

एकच चिठ्ठी ते पुन्हा पुन्हा लिहितात. त्या मी काढून घेत होते आणि कोशात पाहून, त्यांच्यासारखे लिहून, माझ्या घालत होते. दोन आठवड्यांपूर्वी मी तापाने पडले, तेव्हा पाकीट त्यांनीच बंद केले.

तुला कळले की तू त्यांना सौंसरला नेशील, ही भीती होती. शाळेतून आल्यावर ज्या घरी कोणी ‘आज काय शिकवलं’ म्हणून विचारणार नाही, तिथे मी कुणासाठी कुलूप काढू? रागव, पण त्यांना यातले काही कळू देऊ नको.

तुझी,
विजया


सौंसर, १४ ऑक्टोबर १९८३

चि. विजयास,
आशीर्वाद, रागासकट.

मीच आंधळी. ‘रन आउट’ म्हणजे संपणे, त्याला साखर संपत आल्याचे इतके गोड उदाहरण वाचून मी बापूजींना शाबासकी कळवली होती. त्यांना जन्मात साखरेचा डबा कुठे असतो हे ठाऊक नव्हते! तेव्हाच ओळखायला हवे होते.

पण तू वडिलांना त्यांच्याच नावाने फसवलेस, विजे. भरल्या सभेत ते अडले तर ज्या लोकांना त्यांनी इंग्रजी शिकवले त्यांच्यासमोर अडतील. ती लाज त्यांना पेलणार नाही. सत्कार करणाऱ्या रवींद्रला सांगून भाषण थांबव. आधी बापूजींना सांग, तूच सांग. तोडणीची माणसे सोडून मला निघता येत नाही, हे लिहितानाही लाज वाटते. न्यायचे की नाही, ते नंतर बघू.

आधी औषध घे, मग हे सगळे कर.
तुझी ताई


पांढुर्णा, १४ नोव्हेंबर १९८३

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि. काल सत्कार पार पडला.

दिवाळीआधीच मी त्यांना सगळे सांगितले होते. विसरण्याचे त्यांनी ऐकून घेतले. दुसऱ्याचे अक्षर काढले म्हणून मात्र भडकले. म्हणाले की वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती. माझी प्रत्येक चिठ्ठी शोधून तिच्यावर माझी सही करायला लावली. मग रवींद्रला बोलावून स्वतःच सांगितले की मी फक्त बसीन, पोरगी बोलेल.

मी बोलले. बापूजी पहिल्या रांगेत, गळ्यात हार, डोळे माझ्यावर. रंगाचे सांगितले, नदीचे सांगितले, दुकानाचे सांगितले. एक शब्दही त्यांनी दुरुस्त केला नाही.

टाळ्या थांबल्या तसे ते उठले. वर्गात विचारत तसे, चष्मा कपाळावर सरकवून, त्यांनी मला विचारले की बाई, छान बोललीस, पूर्ण नाव सांग. मी हात मागे बांधून सांगितले, विजया गुणवंता कळंबे. ते खूश झाले. सभेकडे वळून म्हणाले की पहा, हिच्या बापाचं नाव अन् माझं एकच निघालं.

सगळे हसले. सर गंमत करून राहिले असे त्यांना वाटले. ताई, मीही हसले. एवढ्या लोकांत दुसरे काय करणार होते?

तोडणी झाली की ये. त्यांना नेणार असशील तर मी अडवणार नाही.

लोभ असू दे, आता दोघींचा मिळून त्यांच्यावर.
तुझी,
विजया