थिंग, गोष्ट आणि आमच्या आळीची बैठक

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. नागाव

वही, माफ कर. दिवाळीपासून तुझ्यात एक ओळ लिहिली नाही. कारणं आहेत, पण ती लिहीत बसले तर आजचं राहून जाईल. आणि आज लिहिण्यासारखं आहे!

सकाळच्या ऑनलाइन वर्गात पालीच्या शिवानीने अडवलं. ही नर्स आहे, जर्मनीत नोकरीला जाणार. शांत मुलगी, पण प्रश्न नेमके. म्हणाली, “मॅडम, ‘डिंग’ म्हणजे वस्तू. मग ‘बेडिंगुंग’ म्हणजे अट कशी? वस्तूचा आणि अटीचा काय संबंध?”

वीस वर्षं जर्मन शिकवते आहे. दोन्ही शब्द हजारदा फळ्यावर लिहिले असतील. कधी डोक्यात आलं नाही. म्हटलं, “उद्या सांगते.” उगाच काहीतरी ठोकून दिलं नाही, एवढं समाधान.

दुपारी बघितलं. डिंग, इंग्रजीतलं थिंग, डच डिंग, आइसलँडमधलं थिंग — सगळी एकाच घरातली भावंडं. आणि मूळ अर्थ वस्तू नाहीच! मूळ अर्थ सभा. ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, उघड्यावर जमायचं आणि भांडणं मिटवायची. मग सभेत जे निघालं ते प्रकरण, ते ‘थिंग’. मग कुठलीही बाब. शेवटी कुठलीही वस्तू. खुर्चीसुद्धा. आणि सभेत बोलून जे ठरवून घ्यायचं, ती अट.

डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड — तिथल्या संसदेच्या नावात अजून ‘थिंग’ किंवा ‘टिंग’ आहे. बाकीच्यांनी सभा विसरून वस्तू ठेवली.

दिवसभर हवेत आहे मी.

५ फेब्रुवारी

यशोधन आला होता. माझा चुलतभाऊ, वाडीच्या पलीकडच्या घरातला. महाशिवरात्रीच्या उत्सवाआधीची आळीची बैठक येत्या रविवारनंतरच्या रविवारी, सोळाला. “ताई, नारळ मीच ठेवतो तुमचाही. तू कशाला उन्हात?”

इथे लिहून ठेवायला हवं, कारण मनात सगळं गोळा झालंय.

आमच्या आळीत देवळाच्या मंडपात बैठक होते. प्रत्येक घराने आपल्या वाडीतला एक नारळ देवापुढे ठेवायचा. चंदर गुरव घराचं नाव पुकारतो. त्या घरच्याने म्हणायचं, “आलं.” एवढंच. पण नारळ नाही तर घर नाही. सलग तीन वर्षं घरातलं कुणी बसलं नाही, तर ते घर भाऊबंदांच्या घरात ‘मिळवतात’. मग नाव पुकारत नाहीत. उत्सवातली पूजेची पाळी जाते.

बाबा गेले त्यानंतर दोन बैठका झाल्या. दोन्हीला यशोधनने आमचा नारळ ठेवला. ही तिसरी. यंदा आमच्या घरातलं कुणी बसलं नाही, तर अनंतरावांचं, म्हणजे बाबांचं, घर त्याच्या घरात मिळणार.

मी म्हटलं, “मी बसू का रे?”

तो हसला. वाईट नाही हसला. “तुला काय करायचंय ताई? पाळी म्हणजे पहाटे तीनला उठणं, कळशीने पाणी वाहणं, गुरवाच्या शिव्या. मी करतोच आहे ना?”

करतो. मनापासून करतो, हे मला माहीत आहे. त्याला काही हडपायचं नाही. म्हणून तर अवघड आहे!

आई चहा घेऊन आली. “बैठक सोळालाच ना?” एवढं विचारून आत गेली.

६ फेब्रुवारी

मला हे कशासाठी हवंय? देव मी अर्धवट मानते. पाळी गेली तर झोप मिळेल. मग?

बाबा “आलं!” म्हणायचे तेव्हा मंडपाचे पत्रे दणाणायचे. आम्ही मुलं बाहेर पायऱ्यांवर बसून हसायचो. ते ऐकू येणार नाही, हे चालेल. पण पुकारणारच नाहीत, हे चालणार नाही. बस. एवढं कारण पुरे.

८ फेब्रुवारी

दादांकडे जाऊन आले. आळीतले सगळ्यांत मोठे, बैठक तेच चालवतात. पायांना तेल चोळत बसले होते. सरळ विचारलं, “बाईने बसायचं नाही, असा नियम आहे का?”

“नियम? नियम कुठाय. कुणी बसली नाही, एवढंच.”

“मग मी बसू?”

“मी कोण सांगणारा? ये. कुणी उठवलं तर ऊठ. नाही उठवलं तर बस.”

“आणि तुम्ही उठवाल का?”

“मला स्वतःला उठवत नाही हल्ली, तुला काय उठवू?”

हसत हसत घरी आले. वाटेत रेवदंड्याची कमळ भेटली, मासळीची टोपली घेऊन. तिलाही विचारलं. म्हणाली, “आमच्यात बी बाया न्हाय बसत, ताई. पन मागं उभ्या ऱ्हातो नि बोलतो. बसनारे ऐकतान!” आणि बोंबील घ्यायला लावलेच.

११ फेब्रुवारी

आज मंगळवार. जर्मनमध्ये डीन्सटाग — त्यातही बहुधा हाच शब्द. सभेचा राखणदार असलेला एक देव, त्याचा वार. ‘बहुधा’ खोडायचं नाही.

१२ फेब्रुवारी

आज मोठी मेजवानी. आणि परकी नाही, घरचीच!

आपली ‘गोष्ट’. संस्कृत ‘गोष्ठी’पासून. गोष्ठी म्हणजे जमलेली मंडळी, त्यांचं बोलणं. आणि त्याच्याही मागे ‘गोष्ठ’ — गायी उभ्या राहायची जागा. गोठाही तिथलाच. म्हणजे गायींची जागा, मग माणसं जमायची जागा, मग तिथलं बोलणं, मग सांगितलेली कथा, मग नुसतीच बाब. “एक गोष्ट लक्षात ठेव” म्हणताना आपण एक सभा लक्षात ठेवायला सांगतो!

थिंगशी हिचं रक्ताचं नातं नाही. हे शिवानीला दोनदा बजावलं, नाहीतर पोरं लगेच बहिणी-बहिणी करतात. दोन वेगळ्या मुलखांतली माणसं, वेगळे शब्द, आणि वाट तीच. मला हे नात्यापेक्षा मोठं वाटतं.

शिवानी म्हणाली, “मॅडम, म्हणजे आधी माणसं जमली, मग वस्तू आल्या.” लिहून ठेवते. माझ्यापेक्षा बरं म्हणाली.

१४ फेब्रुवारी

रविवारी कुणी आडवं आलं तर काय बोलायचं, याची तयारी करत होते. हजार वर्षांपूर्वी आइसलँडमध्ये उघड्या माळावर सभा भरायची, कायदा तोंडपाठ म्हणायचे, आणि इथे आपण अजून... वगैरे. वाक्यं झकास जमली होती.

मग शंका आली. त्या सभेत बायका? पुन्हा वाचलं. बायकांची बाजू पुरुष नातेवाईक मांडत. गुलामांना तर जागाच नाही.

म्हणजे तिथेही यशोधन होताच!

भाषण फाडलं. ते सोयीचं होतं, खरं नव्हतं. शब्दाचं मूळ म्हणजे काही सातबारा नव्हे, की दाखवला आणि हक्क सिद्ध झाला. मला बसायचंय, कारण नाव आमच्या घराचं आहे. आइसलँडला मध्ये कशाला घालू?

फाडल्यावर हलकं वाटलं. जाणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

बसले!

नीट लिहिते. दहाला मंडपात गेले. नारळ आईनेच निवडून, सोलून, शेंडी ठेवून दिला होता. सतरंजीवर सगळे पुरुष. मी नारळ देवापुढे ठेवला आणि सतरंजीच्या कडेला बसले. सगळ्यांच्या माना वळल्या.

सुयश — वळणावरच्या होमस्टेचा मालक, शाळेत माझ्या पुढच्या बाकावर असायचा — मोठ्याने म्हणाला, “बायका बसायला लागल्या तर चहा कोण करणार?”

दादा वर न बघता म्हणाले, “तू कर. बघू तरी येतो का.”

मंडप हसला. सुयशही हसला, पण कान लाल. मी मांडी घालून नीट बसले.

चंदर पुकारत निघाला. आमच्या आधी यशोधनचं घर. “आलं.” मग चंदर थांबला, यशोधनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “अनंतरावांचं घर?”

“आलं.”

पत्रे नाही दणाणले. पण आवाज स्वच्छ निघाला. चंदर पुढच्या घराकडे गेला. बस, इतकंच झालं!

यशोधनने सवयीने दोन नारळ आणले होते. एक ठेवला होता. दुसरा मांडीवर घेऊन बसला होता बिचारा, कुठे ठेवायचा कळेना. शेवटी पिशवीत टाकला, थोडा सरकला आणि म्हणाला, “ताई, इकडे ये, तिकडे ऊन येतंय.”

मग दीड तास मांडव, प्रसाद, गाड्या कुठे लावायच्या. मी दोनदा बोलले. एकदा ऐकलं गेलं, एकदा नाही. इतरांचंही तसंच चाललं होतं, हे बघितलं.

पूजेची पाळी आमच्याकडे राहिली. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, सुयशची नक्कल करून. ती हसली. खूप हसली. मग भाकऱ्या करायला उठली.

१७ फेब्रुवारी

आई सकाळी शेवग्याच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “छान झालं. पण तू दादांना विचारलंस, यशोधनला विचारलंस, त्या कमळलासुद्धा विचारलंस.”

मला आधी कळलंच नाही.

“घर त्यांच्यामागे माझं ना? मला कुणी विचारलं, बसतेस का म्हणून? तूही नाही विचारलंस.”

म्हटलं, “आई... तू बसली असतीस?” तोंडातून निघेपर्यंत कळलं की माझ्या डोक्यातही ती स्वयंपाकघरातच होती. विधवा नारळ कसा ठेवणार, हे कुणी म्हटलं नव्हतं. मीच, न म्हणता, धरून चालले होते.

“का नाही? गुडघे दुखतात माझे. तोंड नाही दुखत.”

“मी आजच दादांना सांगते, की पुढच्या वेळी—”

“तू नको सांगूस.”

उद्या: आईला रिक्षाने दादांकडे न्यायचं. बोलेल तीच.